शिंप्याच्या घरचा परमवीर

जबलपूरच्या मुलांना सैनिक नवा नसतो. १९०४ साली येथे गन कॅरेज फॅक्टरी उभी राहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खमरियात दारूगोळ्याचा कारखाना निघाला आणि १९६९ साली व्हीकल फॅक्टरी सुरू झाली. या कारखान्यांचे भोंगे हे शहराचे घड्याळच होते. बाप सकाळी डबा घेऊन सायकलवरून कारखान्याच्या फाटकाकडे निघाला आहे आणि त्याच रस्त्याने मुलगा दप्तर घेऊन शाळेला चालला आहे, हे दृश्य येथील कित्येक मराठी घरांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिले. सिग्नलचे प्रशिक्षण केंद्र, जम्मू-काश्मीर रायफल्सचे केंद्र आणि ग्रेनेडियर्स रेजिमेंटचे केंद्र यांमुळे छावणीच्या रस्त्यांवर रंगरूटांच्या तुकड्या नेहमीच दिसतात.

यांपैकी ग्रेनेडियर्सशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. या पलटणींचा जन्म जुन्या मुंबई इलाख्याच्या सैन्यातला असून स्वातंत्र्यापूर्वी कित्येक वर्षे ही रेजिमेंट ‘बॉम्बे ग्रेनेडियर्स’ या नावानेच ओळखली जात असे. याच रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनमधील एका हवालदाराचे नाव शाळेतील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. सामान्यज्ञानाच्या परीक्षेत तो एका गुणाचा प्रश्न असतो: १९६५ च्या युद्धात पॅटन रणगाडे उद्ध्वस्त करून मरणोत्तर परमवीरचक्र कोणी मिळवले? मुले ‘अब्दुल हमीद’ असे उत्तर लिहितात, त्यांना गुण मिळतो आणि पुढचा प्रश्न सुरू होतो. त्या एका गुणामागे एक संपूर्ण आयुष्य होते, एक घर होते आणि त्या घरात मागे राहिलेली एक स्त्री होती. त्या तिघांचा हा अल्प परिचय आहे.

धामूपूरचे घर

अब्दुल हमीद यांचा जन्म १ जुलै १९३३ रोजी उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्यातल्या धामूपूर या खेड्यात झाला. वडील मोहम्मद उस्मान हे व्यवसायाने शिंपी आणि आईचे नाव सकीना बेगम. गंगेकाठचा हा पूर्वांचल म्हणजे सुपीक जमिनीचा, दाट वस्तीचा आणि हातांना पुरेसे काम न देणारा मुलूख. तेथील तरुणांपुढे दोन वाटा असत. एक कलकत्ता, मुंबईच्या गिरण्यांकडे जाई आणि दुसरी सैन्यभरतीच्या मैदानाकडे. अब्दुल हमीद लहानपणापासून वडिलांच्या हाताखाली शिवणकाम शिकले. जमीनजुमला, मोठे शिक्षण किंवा ओळखीपाळखी यांपैकी त्या घराकडे काहीच नव्हते. सुई, कात्री आणि मापाची पट्टी हीच त्यांची मिळकत.

शिंप्याच्या धंद्यात एक शिस्त असते. कापड एकदा कापले की ते पुन्हा जोडता येत नाही. म्हणून कात्री चालवण्यापूर्वी माप पक्के करावे लागते, नजर स्थिर ठेवावी लागते आणि हात थरथरून चालत नाही. पुढे रणांगणावर या मुलाच्या अंगी जे गुण दिसले, त्यांची ओळख या धंद्यात वाढलेल्या माणसाला नवी नव्हती. मात्र त्याचे मन गावात रमले नाही. २७ डिसेंबर १९५४ रोजी, एकविसाव्या वर्षी, अब्दुल हमीद वाराणसीला सैन्यात भरती झाले. त्या वेळी ग्रेनेडियर्सचे प्रशिक्षण केंद्र राजस्थानात नसीराबादला होते. ते पुढे जबलपूरला आले. नसीराबादचे शिक्षण संपवून १९५५ साली ते चौथ्या बटालियनमध्ये रुजू झाले.

त्यानंतरची दहा वर्षे कोणत्याही साध्या शिपायाची असतात तशीच गेली. आग्रा, अमृतसर, दिल्ली, जम्मू-काश्मीर, ईशान्य सीमा, रामगड अशा बदल्या होत राहिल्या. घरी रसूलन बीबी, पुढे चार मुलगे आणि एक मुलगी असा संसार वाढत गेला. वर्षातून एकदा सुट्टी, महिन्याला मनीऑर्डर आणि मधूनमधून पत्र, एवढ्यावर शिपायाचा संसार चालत असे. जबलपूरच्या छावणीभोवती राहणाऱ्यांना हा संसार वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

बासष्टचा घाव

१९६२ च्या ऑक्टोबरात चीनने आक्रमण केले तेव्हा चौथी ग्रेनेडियर्स बटालियन ब्रिगेडियर जॉन दळवी यांच्या सातव्या ब्रिगेडमध्ये नामका चू नदीच्या काठी होती. अपुरे कपडे, अपुरा दारूगोळा आणि समोरच्या उंच कड्यांवर संख्येने कितीतरी मोठा शत्रू अशा अवस्थेत ती ब्रिगेड उद्ध्वस्त झाली. ब्रिगेडियर दळवी स्वतः कैद झाले. ग्रेनेडियर्सचे वाचलेले जवान भूतानच्या डोंगरांतून पायी वाट काढत आसामातील मिसामारीला पोहोचले. अब्दुल हमीद त्या बटालियनचे जवान होते.

त्या पराभवाची जखम साऱ्या देशाला झाली. संरक्षणमंत्री बदलले. यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला गेले आणि हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावून गेला, या भावनेने महाराष्ट्राची छाती भरून आली. पुढील तीन वर्षे सैन्याच्या उभारणीची होती. त्या उभारणीत नव्या डिव्हिजन आणि नवी शस्त्रे जशी आली, तशी आपल्या हातातले शस्त्र पूर्णपणे जाणणारी माणसेही तयार झाली. अब्दुल हमीद त्यांपैकी एक होते. त्यांचे शस्त्र होते १०६ मिलिमीटरची रिकॉइललेस तोफ.

कोठारातून तोफेवर

ही तोफ जीपगाडीवर बसवलेली असते. तिच्यावर एक छोटी रायफल जोडलेली असते. तोफची प्रथम त्या रायफलीतून गोळी झाडतो, ती लक्ष्यावर लागल्याची खूण दिसली की मगच तोफगोळा सोडतो. तोफेचा धक्का मागच्या बाजूने वायूच्या झोताने निघून जातो, म्हणूनच हलक्या जीपवरही ती पेलते. परंतु त्याच झोताने मागे धुळीचा मोठा लोट उठतो आणि तोफ कोठे उभी आहे हे शत्रूला तत्काळ कळते. जीपला चिलखत नसते. मशीनगनची एक फैरही तिच्यावरील माणसांना पुरते. तेव्हा या तोफेचा नियम एकच: दबा धरायचा, रणगाडा टप्प्यात येऊ द्यायचा, अचूक नेम साधायचा आणि गोळा सुटताक्षणी जागा बदलायची. यांपैकी एका गोष्टीतही चूक झाली तर दुसरी संधी मिळत नाही.

अब्दुल हमीद या तोफेच्या नेमबाजीसाठी बटालियनमध्ये नावाजलेले होते. तथापि १९६५ पर्यंत ते कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार झाले होते. म्हणजे शिधा, कपडे, दारूगोळा यांचा हिशेब ठेवणारे कोठाराचे जबाबदार अधिकारी. युद्धाची चिन्हे दिसताच या अनुभवी हाताची आठवण झाली आणि कोठारातला हवालदार पुन्हा तोफेवर गेला.

युद्धापूर्वी ते सुट्टीवर धामूपूरला आले होते. परत बोलावणे आले, सामानाची बांधाबांध सुरू झाली आणि बिस्तरा बांधताना दोरी तुटून सामान विखुरले. रसूलन बीबींना तो अपशकुन वाटला. आजची रात्र थांबा, असे त्यांनी विनवले. पण हमीद थांबले नाहीत. ही आठवण त्या पुढे आयुष्यभर सांगत राहिल्या. दोरी तुटणे हा योगायोगच. परंतु निघालेल्या माणसाला एका रात्रीपुरते तरी अडवावे, ही धडपड कोणत्याही सैनिकाच्या घरात समजण्यासारखी आहे.

असल उत्तर

६ सप्टेंबर १९६५ रोजी भारतीय सैन्याने पंजाबची सीमा ओलांडली. खेमकरण भागातील चौथ्या माउंटन डिव्हिजनला मात्र तीव्र प्रतिहल्ल्यामुळे मागे यावे लागले. डिव्हिजनचे प्रमुख मेजर जनरल गुरबक्ष सिंग यांनी असल उत्तर आणि चीमा या गावांभोवती घोड्याच्या नालेच्या आकाराची संरक्षणफळी उभी केली. समोर पाकिस्तानची पहिली आर्मर्ड डिव्हिजन होती आणि तिच्याकडे अमेरिकेकडून मिळालेले पॅटन रणगाडे होते. खेमकरणहून भिखीविंडमार्गे अमृतसरच्या पिछाडीस जाणे आणि बियास नदीवरील पूल हाती घेणे, हा त्यांचा बेत होता. तो साधला असता तर पंजाबातील भारतीय सैन्याचा मोठा भाग उरलेल्या देशापासून तुटला असता.

ही लढाई ज्यांनी पेलली त्यांची नुसती नावे वाचली तरी या देशाचे चित्र डोळ्यांपुढे येते. डिव्हिजनचे प्रमुख गुरबक्ष सिंग. सेंच्युरियन रणगाड्यांच्या थर्ड कॅव्हलरीचे प्रमुख सलीम केलेब. जुन्या शेरमन रणगाड्यांच्या डेक्कन हॉर्सचे प्रमुख अलिबागचे अरुण श्रीधर वैद्य. या लढाईतील नेतृत्वाबद्दल वैद्य यांना महावीरचक्र मिळाले आणि पुढे ते भारताचे सेनाप्रमुख झाले. चौथ्या ग्रेनेडियर्सचे कमांडिंग ऑफिसर फर्हत भट्टी. आणि त्यांच्या बटालियनच्या एका जीपवर धामूपूरच्या शिंप्याचा मुलगा.

शेतांत ऊस आणि उंच पिके उभी होती. कालव्यांचे पाणी सोडून आसपासची जमीन चिखलमय करण्यात आली होती. अवजड पॅटन त्या चिखलात रुतू लागले. जे पुढे येत, ते तीन बाजूंनी टिपले जात. ८ आणि ९ सप्टेंबरला अब्दुल हमीद यांच्या तोफेने काही रणगाडे निकामी केले होते. परमवीरचक्राचे मानपत्र मात्र १० सप्टेंबरच्या सकाळचे वर्णन करते.

त्या दिवशी सकाळी ८ वाजता पॅटन रणगाड्यांच्या एका रेजिमेंटच्या पाठबळाने शत्रूची एक बटालियन चीमा गावापुढील मोक्याच्या जागेवर चालून आली. आधी तोफखान्याचा प्रचंड भडिमार झाला. ९ वाजेपर्यंत रणगाडे बटालियनच्या आघाडीच्या मोर्चांत घुसले होते. प्रसंग ओळखून अब्दुल हमीद आपली जीप घेऊन त्या भडिमारातून बाजूच्या अंगाला गेले. सोयीची जागा धरून त्यांनी सर्वांत पुढचा रणगाडा उडवला. लगेच जागा बदलून दुसरा पेटवला. एव्हाना शत्रूच्या इतर रणगाड्यांनी त्यांना हेरले होते. मशीनगनच्या आणि स्फोटक गोळ्यांच्या माऱ्याचा रोख त्या एका जीपवर वळला. तरीही ते आणखी एका रणगाड्यावर तोफ डागत राहिले, आणि डागत असतानाच एका गोळ्याने त्यांचा घात केला. त्या वेळी ते ३२ वर्षांचे होते. तीन दिवसांत मिळून सात-आठ रणगाडे त्यांच्या नावावर सांगितले जातात.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मृत्यूवर झडप घालणे म्हणजे शौर्य, असा एक समज असतो. अब्दुल हमीद यांनी त्या सकाळी जे केले ते याहून वेगळे होते. नेम साधणे, गोळा सोडणे, जागा बदलणे आणि पुन्हा नेम साधणे हे त्यांचे रोजचे काम होते, आणि मृत्यू समोर दिसत असतानाही त्यांनी ते अचूकपणे केले. वर्षानुवर्षांच्या सरावाने हाताला आलेली सफाई त्या क्षणी ढळली नाही. कारागिराच्या घरात वाढलेल्या माणसाचे हे शौर्य होते.

चौथ्या ग्रेनेडियर्सने आपली जागा सोडली नाही. १० सप्टेंबरला लढाईचे पारडे फिरले. शत्रूचे एकूण ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा भारताच्या हाती लागले. पकडलेले रणगाडे भिखीविंडजवळ ओळीने मांडले गेले आणि लोक त्या जागेला पॅटननगर म्हणू लागले. पुढे त्यांतील काही रणगाडे विजयचिन्हे म्हणून देशातील निरनिराळ्या शहरांत गेले. असल उत्तर हे गावाचे नाव शत्रूला मिळालेल्या अस्सल उत्तराचेच नाव ठरले.

चौपन्न वर्षे

१६ सप्टेंबर १९६५ रोजी परमवीरचक्राची घोषणा झाली. त्यानंतर आठवड्याभरात युद्धविराम झाला. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदचा करार होऊन लगेच पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांचे निधन झाले. शोकाची छाया पसरलेल्या त्या महिन्यातच प्रजासत्ताकदिनी राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते रसूलन बीबींनी पतीचे परमवीरचक्र स्वीकारले. दिल्लीच्या राजपथावर उभी असलेली ती खेड्यातली स्त्री पाच मुलांची आई होती.

इतिहासाची पुस्तके बहुधा येथे थांबतात. रसूलन बीबींचे आयुष्य मात्र थांबले नाही. त्या २ ऑगस्ट २०१९ पर्यंत जगल्या. म्हणजे पतीबरोबरच्या संसाराहून कितीतरी मोठा, जवळजवळ ५४ वर्षांचा काळ त्यांनी एका पदकाच्या सोबतीने काढला. या काळात देशाने अब्दुल हमीद यांना अनेक परींनी आठवले. असल उत्तर येथे त्यांची समाधी आहे आणि दरवर्षी १० सप्टेंबरला तेथे लोक जमतात. १९८८ साली चेतन आनंद यांच्या ‘परमवीर चक्र’ या दूरदर्शन मालिकेत नसीरुद्दीन शाह यांनी त्यांची भूमिका केली आणि घराघरांतल्या मुलांनी ती जीप पाहिली. २८ जानेवारी २००० रोजी निघालेल्या तीन रुपयांच्या टपाल तिकिटावर त्यांची छबी आणि तोफेची जीप छापली गेली.

रसूलन बीबींच्या मागण्या मात्र याहून साध्या होत्या. २००८ साली त्या राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना भेटल्या. गावात सैन्यभरतीचे केंद्र व्हावे, पतीचा स्मृतिदिन देशपातळीवर पाळला जावा आणि नातवंडांना नोकरी मिळावी, असे त्यांचे म्हणणे होते. या तीन मागण्या शांतपणे वाचल्या पाहिजेत. ज्या सैन्याने पती नेला त्याच सैन्याचे दार गावातल्या मुलांसाठी उघडावे, असे त्यांना वाटत होते. आणि परमवीराच्या वारसांनाही पोटापाण्याचा प्रश्न सुटलेला नव्हता. मानवंदना आणि पोटाची चिंता या दोन्ही गोष्टी एकाच उंबरठ्याच्या आत नांदत होत्या.

आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात त्यांची आणखी एक इच्छा होती. आपल्या डोळ्यांदेखत सेनाप्रमुखांनी धामूपूरच्या स्मारकावर यावे. त्यांनी दिल्लीला जाऊन जनरल बिपिन रावत यांना तसे विनवले. १० सप्टेंबर २०१७ रोजी जनरल रावत धामूपूरला आले. स्मारकावर पुष्पचक्र वाहिले गेले आणि त्यांनी रसूलन बीबींचा सत्कार केला. युद्धाला त्या दिवशी ५२ वर्षे झाली होती.

दोन गावे, एक कथा

धामूपूरची ही कथा मराठी मुलखाला परकी नाही. रायगड जिल्ह्यातील माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे हे मराठा लाइट इन्फन्ट्रीचे जवान. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात त्यांच्या तुकडीतले इतर सारे ठार किंवा जखमी झाले असता त्यांनी एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चाल करून ते बंद पाडले आणि तेथेच त्यांना वीरमरण आले. वय अवघे २२. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची समाधी कोठेही नाही. इटलीतील कॅसिनोच्या स्मारकावर केवळ नाव आहे. ते परक्या साम्राज्याच्या युद्धात लढले आणि अब्दुल हमीद स्वतंत्र देशाच्या. युद्धे निराळी, ध्वज निराळे, धर्म निराळे. परंतु दोघेही साध्या घरांतले होते, आणि दोघांची पदके त्यांच्या विधवा पत्नींच्या हाती आली.

युद्धाच्या इतिहासात सेनापतींची नावे ठळक अक्षरांत छापली जातात आणि ते योग्यच आहे. परंतु असल उत्तरची आखणी कितीही कुशल असती, तरी चीमा गावापुढच्या त्या शेतात एका हवालदाराचा हात कापला असता तर तिचा उपयोग काय झाला असता? आखणी वरून येते. ती तडीस नेणारे हात शिंप्याच्या, शेतकऱ्याच्या, कामगाराच्या घरांतून येतात. जबलपूरच्या शाळांतील कित्येक मुले अशाच घरांतून येतात. बाप लेथवर किंवा शिलाईयंत्रावर काम करतो म्हणून मान खाली घालणाऱ्या प्रत्येक मुलाला धामूपूरच्या त्या घराची गोष्ट सांगितली पाहिजे. आणि ती १० सप्टेंबर १९६५ पाशी न थांबवता २ ऑगस्ट २०१९ पर्यंत सांगितली पाहिजे. एका सकाळच्या शौर्याची किंमत एका स्त्रीने आणि तिच्या पाच मुलांनी जवळजवळ ५४ वर्षे चुकती केली, एवढे कळले तरच त्या एका गुणाच्या उत्तराचा अर्थ विद्यार्थ्यांना खऱ्या अर्थाने समजेल.